काकूंची रिकामी फळी

काकूंना कोणी सांगितलं की सगळं ठीक चाललंय, की त्यांचा चेहरा उतरायचा. रडगाणं घेऊन आलेल्या माणसाला त्या खुर्ची द्यायच्या, चहा मागवायच्या, त्याच्या बायकोची चौकशी करायच्या. पण 'ठीक आहे' म्हणणाऱ्याकडे मात्र संशयानं बघत राहायच्या. "ठीक आहे म्हणजे याला अजून कळलेलं नाही," असं मला कानात सांगायच्या. आणि वाईट म्हणजे बरेचदा त्यांचं खरं निघायचं. त्यामुळे त्यांच्या हाताखाली काम करताना मलाही काळजीची सवय लागली. ती आजतागायत सुटलेली नाही.

आमची जयपूरला बदली झाली होती. मिस्टर फौजेत, मुलगी शाळेत, आणि मी छावणीतल्या क्वार्टरमध्ये बसून भिंती मोजत होते. शहरात घरगुती सामानाची चार-पाच मोठी दुकानं असलेले एक सेठजी होते. त्यांच्या झालाना भागातल्या ऑफिसात खरेदी खात्याला मदतनीस हवी होती. खरेदी खातं म्हणजे काकू. त्या मूळच्या बार्शीच्या. यजमान विमा कंपनीत अधिकारी म्हणून बदलून आले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. दुकानातले सगळे त्यांना बाईसा म्हणत. मी मराठी, म्हणून मी काकू म्हणू लागले. माझी निवड मात्र मराठीपणामुळे झाली नव्हती. माझ्याकडे स्कूटर होती. मागे बसून काकू सबंध रस्ताभर "ट्रक आहे गं, ट्रक आहे," असं सांगायच्या. तो ट्रक बहुतेक वेळा दुभाजकाच्या पलीकडे असायचा.

थोरल्या सेठजींनी प्रत्येक दुकानात एक कोपरा त्यांच्या ताब्यात दिला होता. तिथे जयपूरच्या आसपास बनलेलाच माल ठेवायचा. आसपास म्हणजे किती, हे सेठजींनी विचारलं तेव्हा काकूंनी नकाशा वगैरे काही मांडला नाही. सकाळी निघून, माणसाला भेटून, संध्याकाळी घरी येऊन ज्या गावाहून कुकर लावता येतो ते आसपास, असं त्यांनी सांगितलं. एका कारागिराचं गाव या हिशेबात बसेना. काकूंनी त्या दिवशी सकाळीच खिचडी करून ठेवली आणि गाव बसवलं.

दुसरा नियम पाण्याचा. ज्या घरचं पाणी प्यायले नाही त्या घरचा माल माझ्या दुकानात नको, असं त्या म्हणत. कुठेही गेलं की माल बघायच्या आधी पाणी मागायचं. काही घरांतली माणसं अवघडून एकमेकांकडे बघत. आमच्या हातचं पाणी शहरातली बाई पिणार का, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असे. काकू गटागटा पिऊन भांडं परत देत आणि मग बोलायला बसत. पर्समध्ये ओव्याची पुडी कायम. एका केरसुणीवाल्याकडच्या पाण्यानं त्यांना कावीळ झाली. महिनाभर उसाचा रस पीत पडून होत्या, तरी फोनवरून केरसुण्यांची ऑर्डर दिलीच. "माल चांगला आहे, विहीर वाईट आहे," म्हणाल्या. बऱ्या झाल्यावर आधी सेठजींच्या मागे लागून त्या वस्तीत पाण्याची टाकी बसवून घेतली आणि मग पुन्हा जाऊन पाणी प्यायल्या.

त्यांच्या घरी नवीन वस्तू म्हणून काही नसायची. सगळं परीक्षेला बसलेलं असायचं. मे महिन्यात, लू वाहत असताना, त्या नव्या रजईत गुरफटून झोपायच्या, कापूस एका जागी गोळा होतो का ते बघायला. काका बिचारे बाहेर व्हरांड्यात. मला एकदा म्हणाले, "हिनं मलासुद्धा लग्नाआधी असंच तपासलं असणार, मला पत्ता लागला नाही."

आणि एक म्हणजे त्यांचं कॅलेंडर. इतकी वर्षं राजस्थानात काढली, हिंदीत स्वप्नं पडायला लागली असं स्वतःच सांगायच्या, पण भिंतीवर मराठी कॅलेंडरच हवं. भाचा दर वर्षी दोन पाठवायचा, एक घरासाठी, एक ऑफिससाठी. दूध, गॅस, खरेदी, माल यायची तारीख, सगळं त्याच्यावर पेन्सिलीनं. ऑफिसातली पोरं हसायची. काकू म्हणायच्या, बाकी सगळं इथलं घेते मी, तिथी तेवढी माझ्या माहेरची राहू दे.

गोदामाशी त्यांचं रोजचं भांडण. तिथे नवीन पद्धत आली होती, की प्रत्येक नग सारख्या उंचीचा हवा, नाहीतर परत. एकदा सुरयांची अख्खी खेप बाजूला काढून ठेवलेली दिसली. काकू गोदामवाल्याला म्हणाल्या, "भैया, सुरई पानी रखने की है, फौज में भरती नहीं होने की." मग माझ्याकडे वळून, "तुला नाही हं बोलले." सुरया आत गेल्या. पण पुढचे आठ दिवस काकूंना झोप नव्हती, कारण गोदामवाला चिडून पुढची खेप मुद्दाम फोडेल अशी त्यांची खात्री होती. त्यानं फोडली नाही. उलट काकूंच्या वाढदिवसाला त्यानं फुलं आणली, तर त्याचीही काळजी.

मला सुरुवातीला वाटायचं, बाईचा स्वभावच चिडचिडा आणि भित्रा. एक दिवस त्यांनी कारण सांगितलं. काकू नोकरीला लागल्या त्याआधी याच दुकानानं एका रजईवाल्याला सांगितलं होतं, की सगळ्या गिऱ्हाइकांना सोड, तुझा सगळा माल आम्ही घेऊ. त्यानं सोडलं. मग दुकानाला कुठूनतरी कारखान्याच्या हलक्या रजया मिळाल्या. काकू त्याच्या घरी गेल्या तेव्हा खोलीत छतापर्यंत रजया रचलेल्या होत्या आणि त्या ढिगावर मुलं झोपलेली. भर उन्हाळ्यात. "आपण म्हणतो, गावच्या माणसाला आधार देतो," काकू म्हणाल्या. "आगं, ज्याला आधार नव्हता तो आपल्या पायावर तरी होता. आधार देऊन काढून घेतला की माणूस होता त्याच्याहून खाली पडतो."

त्यानंतर मी त्यांच्या काळजीला हसले नाही. कंटाळले पुष्कळदा, पण हसले नाही.

चाकसूच्या पुढच्या गावचे कजोड़जी आणि त्यांची बायको गुलाबदेवी हे आमचे माठवाले. थोरले सेठजी आता फारसे येत नव्हते आणि कारभार मुलाकडे आला होता. छोटे सेठ वाईट माणूस नव्हता, पण त्याला रिकामी जागा बघवत नसे. गुजरातच्या एका कारखान्याचे मातीचे माठ त्यानं पसंत करून ठेवले होते. सगळे एकसारखे, हवे तितके, हव्या त्या दिवशी. काकूंनी भांडून एक उन्हाळा मागून घेतला. होळीनंतरच्या रविवारी उन्हाळी मालाचं उद्घाटन, त्यात मोठ्या दुकानाची पुढची लांब फळी चाकसूच्या माठांना. जमलं तर दर वर्षी कजोड़जींचा माल, नाही जमलं तर गुजरात. काकूंनी कजोड़जींना शब्द दिला, त्यांनी शहरातल्या त्यांच्या जुन्या व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. फळीवर लावायची पाटीसुद्धा रंगवून आली: 'चाकसू की मिट्टी'.

काकूंनी कॅलेंडरवर सगळं बसवलं. कजोड़जींनी थंडीतच सांगून ठेवलं होतं, की चैताच्या आठमीपर्यंत आमच्या घरात आवा, म्हणजे माठ भाजायची भट्टी, पेटत नाही. शीतळामाता थंडाव्याची देवी, तिच्या दिवसांत कुंभाराच्या घरी विस्तव नको. काकूंनी चैत्र बघितला. चैत्र गुढीपाडव्याला लागतो, त्याची अष्टमी पुढे रामनवमीच्या आदल्या दिवशी. म्हणजे होळी झाल्या झाल्या एक आवा सहज लागतो, रविवारच्या आधी माल दुकानात, आणि देवीचे दिवस त्यानंतर. दोनदा मोजलं, मलाही मोजायला लावलं. मीही नाशिकची. मलाही बरोबर वाटलं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी फोन केला, आवा लागला का विचारायला. कजोड़जी म्हणाले, "बाईसा, चैत तो लाग ग्यो. अब तो आठम पाछै ही लागसी."

काकूंना वाटलं फोनमध्ये काही बिघाड आहे. पुन्हा विचारलं. तेच उत्तर. इकडे महिना पौर्णिमेनंतर बदलतो. आपण ज्याला फाल्गुनाचा वद्य पक्ष म्हणतो, तो यांचा चैत. होळी संपली की चैत लागला, आणि आठमी होळीनंतर आठच दिवसांनी. त्या आठमीला शेजारणी आदल्या दिवशी केलेल्या थंड पुऱ्या आणि बाजरीच्या राबडीची ताटली काकूंच्या घरी दर वर्षी आणून देत होत्या. ती बासोड्याची ताटली काकूंनी इतकी वर्षं चवीनं खाल्ली, पण बासोडा म्हणजेच चैताची आठम, हे कधी डोक्यात शिरलंच नव्हतं.

त्यांनी फोन ठेवला. नेहमी बारीकसारीक गोष्टीवर आकांडतांडव करणाऱ्या काकू त्या वेळी नुसती पर्स उचलून निघाल्या. मला खरी भीती तेव्हा वाटली.

आम्ही त्याच दिवशी गाडी काढून चाकसूला गेलो. टोंक रोडवर चाकसूच्या शीतळामातेच्या मेळ्यासाठी तंबूंचे बांबू उतरत होते. कजोड़जींच्या अंगणात कच्चे माठ वाळून तयार होते, ओळीनं पालथे घातलेले. बाजूला आव्यासाठी शेण्या आणि लाकूड रचलेलं. फक्त काडी लावायची बाकी. काकूंनी पाणी मागितलं, प्यायल्या, आणि मग चूक कशी झाली ते सांगितलं. रविवारी फळी रिकामी राहिली तर काय होईल, तेही सांगितलं. लपवलं काहीच नाही.

कजोड़जींनी वाळलेल्या माठांच्या ओळीवरून नजर फिरवली. व्यापारी तर हातचा गेलेला. मग म्हणाले, "बाईसा, थे कहो तो आज ही लगा दां."

गुलाबदेवी घराच्या दारात घुंगट ओढून उभी होती. नवऱ्यानं हे म्हणताच तिनं मांडीएवढ्या नातवाला हात धरून आत ओढलं. तिच्या चुलत सासऱ्यानं एका वर्षी आठमीच्या आधी आवा लावला होता आणि त्याच उन्हाळ्यात घरातल्या दोन मुलांना माता, म्हणजे अंगावर देवी, आल्या होत्या, हे तिनं मागे कधीतरी आम्हाला सांगितलं होतं. त्यातलं एक वाचलं नाही. खरं की खोटं, कारण हे की ते, मला माहीत नाही. तिला माहीत होतं.

मला मनातून वाटत होतं, काकूंनी हो म्हणावं. आज हे सांगायला मला लाज वाटत नाही. पोटासाठी वाटत होतं, कजोड़जींच्याच पोटासाठी. एक हो म्हटलं की सगळं सुटणार होतं. काकूंनी पर्समधून ओवा काढला, तोंडात टाकला.

"मैं नहीं कहूँगी," त्या म्हणाल्या. "चूक मेरी है. आवा आपके घर का है. आठम के बाद ही लगाओ. फळी पे मटका आपका ही लगेगा."

कजोड़जींनी हात जोडले. पण त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. शहरातल्या दुकानदाराचा शब्द त्यांनी पुष्कळ ऐकला असणार.

छोट्या सेठला सांगितल्यावर तो रागावला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. त्यानं शांतपणे उपाय सुचवला. गुजरातचा ट्रक दोन दिवसांत येईल, तेच माठ त्या फळीवर लावू. पाटी तयारच आहे, ती राहू दे. चाकसूचा माल आला की बदलून टाकू. ग्राहकाला काय कळणार आहे? दोन्हीकडे मातीच तर आहे.

काकू उभ्याच होत्या. "ग्राहक को नहीं पता चलेगा," म्हणाल्या. "कजोड़जी को चलेगा."

खूप ओढाताण झाली. मी बाहेरच्या खोलीतून ऐकत होते आणि माझी नोकरी गेली तर घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. शेवटी छोटे सेठ म्हणाला, ठीक आहे, ठेवा रिकामी. पण उद्घाटनापासून फक्त पुढच्या रविवारपर्यंत. त्या रविवारी दुकान उघडताना फळीवर माठ नसतील, तर गुजरातचे लागतील आणि मग कायमचेच लागतील.

हिशेब कुठूनही मांडला तरी चुकत होता. आठमी त्या आठवड्याच्या मध्ये. कजोड़जींच्या घरची रीत अशी, की आठमीच्या दुसऱ्या दिवशी चाकाची पूजा, त्याच्या पुढच्या दिवशी चांगली वेळ बघून आवा. मग रात्रभर भाजायचं, आवा निवू द्यायचा, गरम माठ काढला तर तडकतो. मग भरायचं, आणायचं. सोमवार उजाडत होता. काकूंनी कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि मला म्हणाल्या, "तू मोज आता, मला नको." मी मोजलं. सोमवारच.

उद्घाटन झालं. ढोल वाजला, सरबत वाटलं. दुकानात शिरल्या शिरल्या समोर लांब रिकामी फळी, वर 'चाकसू की मिट्टी'. काकूंनी तिथे एक स्टूल टाकलं आणि बसून राहिल्या. येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या हिंदीत सांगायच्या, माठ येणार आहेत, आठमीनंतर. काही जण हसून पुढे जात. एका तरुण जोडप्यानं विचारलं, की मग पाटी कशाला लावली? एका म्हाताऱ्या मारवाडी बाईंनी मान डोलावली. आठमीच्या आधी माठ ठेवले असतेत तर मीच विचारलं असतं, असं म्हणाल्या आणि एक चाळणी घेऊन गेल्या. मला जरा धीर आला. काकूंना आला नाही. एका बाईच्या मान डोलावण्यानं सोमवारचा रविवार होत नाही, म्हणाल्या.

रोज सकाळी आल्यावर त्या ती रिकामी फळी ओल्या फडक्यानं पुसत. धूळ बसलेली नसे. दुकानातली पोरं पाठीमागे खाणाखुणा करत आणि मला त्यांचा भयंकर राग येई. काकूंचाही येई. हो म्हणाल्या असत्या तर हे दिवस कशाला आले असते, असं रोज एकदा तरी मनात यायचं. मग नातवाला आत ओढणारा तो हात आठवायचा आणि मी कामाला लागायचे.

आठमीला शहराला सुट्टी असते. दुकान उघडं होतं, पण गिऱ्हाईक तुरळक. दुपार कलल्यावर दारात कजोड़जी दिसले. नवा साफा, पायांवर रस्त्याची धूळ. मागे गुलाबदेवी, डोक्यावर फडक्यात बांधलेली पितळी परात. सगळा जिल्हा मेळ्यासाठी चाकसूकडे चालला होता आणि ही दोघं उलट बसनं जयपूरला आली होती. रखवालदार त्यांना आत सोडेना. काकू स्टुलावरून उठून धावत गेल्या.

कजोड़जींकडून हळूहळू कळलं. त्यांचा जुना व्यापारी सकाळी मेळ्यात भेटला होता. दुकानानं गुजरातचे माठ कधीच लावले, तुम्ही कोणाची वाट बघताय, माल मला देऊन टाका, पडेल त्या भावानं, असं त्यानं सांगितलं होतं. कजोड़जींनी देऊन टाकायचं ठरवलंही होतं. गुलाबदेवी म्हणाली, आधी डोळ्यांनी बघू.

ती परात खाली ठेवून फळीपाशी गेली. घुंगट थोडा वर केला. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, मग वरची पाटी. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. तिनं तळहात फळीवर टेकवला आणि तसाच ठेवून काकूंना विचारलं, "कतरा दिन सूं खाली छै?"

"इतवार से," काकू म्हणाल्या.

"म्हांकै ताईं?"

काकू एकदम मराठीत म्हणाल्या, "तुमच्यासाठीच गं. दुसऱ्या कोणासाठी?" आणि त्यांना रडू आलं. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते. इतक्या काळज्या केल्या त्या बाईनं, पण रडल्या नव्हत्या.

गुलाबदेवीला मराठी कळलं की नाही कोण जाणे. तिनं परातीवरचं फडकं सोडलं आणि थंड पुऱ्या, राबडी, भिजवलेली मटकी काकूंच्या पुढे सरकवली. मग रविवारचं काय ते विचारलं. मी सांगितलं. तिनं बोटांवर दिवस मोजले आणि ती नवऱ्याला म्हणाली, आवा आज लावू.

कजोड़जी दचकले. आज आठम आहे, दिवस मावळेपर्यंत माताजींचा दिवस आहे, असं काहीसं म्हणाले. चाकाची पूजा, चांगली वेळ, सगळं राहिलंय.

"मेळा की भीड़ छै," गुलाबदेवी म्हणाली. "घरां पूगां जतरै दिन आंथ जासी. पूजा आवां कै सामनै कर लेस्यां. चालो." घरी पोचेपर्यंत दिवस मावळलेला असणार, पूजा आव्यासमोरच होणार; मी मोजलं, सोमवारचा शनिवार होत होता.

आणि कजोड़जी साफा सावरेपर्यंत तीच आधी दाराबाहेर पडली.